युद्धस्मारकातली शिल्पं : भावना आणि बलिदान याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सैनिकाचं दुःख किंवा शौर्य चेहऱ्यावरच दाखवतात ना?

फार थोडं. चौकातलं स्मारक लोक वीस-पंचवीस पावलांवरून बघतात, तेही बऱ्याचदा रस्ता ओलांडता ओलांडता. तिथून डोळ्यांतलं पाणी किंवा ओठांची थरथर दिसत नाही. दिसते ती आकाशाच्या पार्श्वभूमीवर उमटलेली बाह्याकृती : माणूस ताठ आहे की वाकलेला, हात छातीशी आहेत की लोंबताहेत, मान कुठे वळली आहे. जाणता शिल्पकार भावना चेहऱ्याआधी शरीराकडे सोपवतो. चेहऱ्यावर फार काही कोरायला गेलं की पुतळा नाटकी होतो. आक्रोश करणारं तोंड पहिल्यांदा बघताना धक्का देतं, पण रोज त्याच वाटेनं जाणाऱ्याला महिन्याभरात ते दिसेनासं होतं.

लंडनच्या हाइड पार्क कॉर्नरला 1925 मध्ये उभं राहिलेलं रॉयल आर्टिलरी स्मारक पाहा. चार्ल्स सार्जंट जॅगरनं त्यात ब्राँझचे चार तोफखाना सैनिक घडवले. तिघे उभे आहेत, चौथा मेलेला आहे. त्याच्या अंगावर त्याचाच लष्करी कोट पांघरलेला आहे, वर शिरस्त्राण ठेवलं आहे आणि चेहरा कोटाखाली झाकलेला आहे. दिसतात ते त्याचे जड बूट आणि एका बाजूला पडलेला हात. चेहरा दिसला असता तर तो कुणातरी एकाचा झाला असता. झाकल्यामुळे 49,076 मृत तोफखानेवाल्यांपैकी कुणाच्याही आईला तो आपला वाटू शकला. जॅगर स्वतः पहिल्या महायुद्धात लढला होता, जखमी झाला होता. बूट किती जड असतात हे त्यानं ऐकून शिकलेलं नव्हतं. सार्वजनिक जागी प्रेत नको, असा आक्षेप तेव्हाही आला होता. जॅगर मागे हटला नाही.

मग भावना नेमकी कशातून येते?

तोलातून, हातांतून आणि आकृतींमधल्या अंतरातून. यातलं तिसरं सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर.

केथ कोलवित्झ या जर्मन शिल्पकर्तीचा धाकटा मुलगा पीटर ऑक्टोबर 1914 मध्ये बेल्जियमच्या आघाडीवर मारला गेला. तो 18 वर्षांचा होता. अल्पवयीन असल्यामुळे सैन्यात जायला वडिलांची संमती लागत होती. वडील तयार नव्हते, आईनंच त्यांचं मन वळवलं. त्याच वर्षी तिनं स्मारकाचा विचार सुरू केला. पहिली कल्पना अशी होती, की मुलगा आडवा पडलेला, उशाशी बाप, पायाशी आई. त्यावर तिनं वर्षानुवर्षं काम केलं, मोडलं, सोडून दिलं, पुन्हा हातात घेतलं. 1932 मध्ये शिल्प दफनभूमीत बसलं तेव्हा त्यात मुलगा नव्हताच. राहिले होते गुडघे टेकलेले दोघं आईबाप.

बापाची पाठ ताठ आहे. त्यानं दोन्ही हातांनी स्वतःलाच आवळून धरलं आहे, हात सोडले तर कोसळेल असं वाटतं. आई पुढे वाकली आहे, जवळजवळ घडी झाल्यासारखी. दोघं एकाच दगडात नाहीत. प्रत्येकाचा चौथरा वेगळा आहे आणि मधे मोकळी जागा आहे. ते एकमेकांना धरत नाहीत, एकमेकांकडे बघतही नाहीत. एकाच मुलाचं दुःख, पण ज्याचं त्यानं वेगळं सोसायचं. मधली ती जागा भरली असती, म्हणजे बापाचा हात आईच्या खांद्यावर ठेवला असता, तर शिल्प सांत्वनाचं झालं असतं. कोलवित्झला सांत्वन करायचं नव्हतं. माझ्या मते गेल्या शतकातलं हे सर्वांत प्रामाणिक युद्धस्मारक आहे. आज ते बेल्जियममधल्या व्लाड्सलो इथे आहे. तिथे पंचवीस हजारांहून जास्त जर्मन सैनिक पुरलेले आहेत. पीटरची कबरही आईबापांच्या समोरच आहे.

चौथरा उंच असला की मान वाढतो, असं असतं का?

मान वाढतो, जवळीक कमी होते. शिल्पकार आणि समित्या यांच्यातलं हे जुनं भांडण आहे.

शंभर वर्षांच्या युद्धात, 1347 मध्ये, वेढा पडलेल्या कॅले शहराला वाचवण्यासाठी सहा नागरिक गळ्यात दोर अडकवून इंग्लंडच्या राजासमोर गेले, अशी कथा आहे. फ्रेंच शिल्पकार रोदँनं त्यांचं समूहशिल्प केलं. त्यातला एक डोकं धरून बसल्यासारखा आहे, एकाच्या हातात शहराची किल्ली आहे, आणि कुणीही ‘वीर’ दिसत नाही. रोदँचं म्हणणं होतं, की हे सहाजण जमिनीवर हवेत, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बरोबरीनं. 1895 मध्ये शहरानं ते उंच चौथऱ्यावर चढवून भोवती कठडाही घातला. चौथरा खाली आला तो रोदँच्या मृत्यूनंतर. मरायला निघालेला माणूस आपल्याच उंचीचा असेल तर ‘मी गेलो असतो का?’ हा प्रश्न टाळता येत नाही. दहा फूट वर असेल तर नमस्कार करून पुढे जाता येतं.

याच्या अगदी उलट युक्ती सिडनीच्या अँझॅक (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैन्याच्या) स्मारकात आहे. 1934 मध्ये खुल्या झालेल्या या वास्तूत रेनर हॉफचं ‘सॅक्रिफाइस’ हे ब्राँझशिल्प खालच्या दालनात आहे. वरच्या दालनात जमिनीला मोठं गोल भगदाड ठेवलं आहे. त्याच्या कठड्याशी उभं राहून शिल्प बघायचं तर मान खाली घालावीच लागते. ‘कृपया नतमस्तक व्हा’ अशी पाटी लावण्याची गरजच ठेवलेली नाही. आणि खाली दिसतं काय? ढालीवर आडवा पडलेला नग्न तरुण, आणि ती ढाल खांद्यांवर तोलणाऱ्या तीन स्त्रिया : आई, बहीण, आणि तान्हं मूल घेतलेली बायको. बलिदान एकानं दिलं आणि ओझं कुणावर पडलं, हे त्या रचनेतच आहे.

बलिदान दाखवायला मृत सैनिक दाखवावाच लागतो का?

अजिबात नाही. कितीतरी वेळा त्याची वस्तू पुरते. जमिनीत रोवलेली उलटी रायफल आणि तिच्यावर शिरस्त्राण ही खूण मुळात रणांगणावरची : सोबत्याला घाईनं पुरलं की तिथे हेच ठेवायचे. 1971 च्या युद्धानंतर, 1972 मध्ये, दिल्लीत इंडिया गेटखाली अमर जवान ज्योती उभारली ती याच खुणेवर. माणूस नाही, पण त्याची उंची आहे, त्याचं डोकं जिथे असायला हवं तिथे शिरस्त्राण आहे. 2022 मध्ये ही ज्योत जवळच्याच राष्ट्रीय युद्ध स्मारकातल्या ज्योतीत विलीन करण्यात आली आणि रायफल-शिरस्त्राणही तिकडे हलवलं गेलं.

स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नचा सिंह आणखी जुना, 1821 चा. पॅरिसमध्ये 1792 साली मारल्या गेलेल्या, फ्रेंच राजाच्या स्विस रक्षकांसाठी शिल्पकार थॉर्वाल्डसेननं त्याची कल्पना केली आणि तो खडकाच्या कड्यातच कोरला गेला. कुशीत मोडका भाला रुतलेला, पंजा ढालीवर. एकही मनुष्याकृती नाही, तरी थकवा, वेदना आणि इमान तिन्ही कळतात.

लंडनच्या सेनोटाफ या युद्धस्मारकात तर माणसाची किंवा प्राण्याची एकही आकृती नाही. वर एक रिकामी शवपेटी, बस. वास्तुकार ल्यूटेन्सनं त्याच्या उभ्या कडा किंचित आत झुकवल्या आणि आडव्या रेषा किंचित वक्र ठेवल्या. डोळ्याला हे जाणवत नाही, पण तो दगड ठोकळ्यासारखा मख्ख वाटत नाही, यामागे तेच आहे.

युद्धस्मारकांत स्त्रीच का रडते?

रास्त प्रश्न. बऱ्याच ठिकाणी ती स्त्री म्हणजे देश. फ्रान्समधल्या व्हिमी टेकडीवर वॉल्टर ऑलवर्डनं 1936 मध्ये पूर्ण केलेल्या कॅनडाच्या स्मारकात एक स्त्री कठड्याशी एकटी उभी आहे, डोक्यावरून वस्त्र, हनुवटी हातावर, नजर खाली एका थडग्याकडे. सुमारे 30 टनांच्या एका अखंड दगडातून ती घडवली आहे. तिच्या पायाखालच्या भिंतींवर फ्रान्समध्ये मारल्या गेलेल्या आणि मृतदेह न सापडलेल्या 11,285 कॅनेडियन सैनिकांची नावं आहेत. मागे दोन अवाढव्य मनोरे असताना नजर तिच्यावरच खिळते, कारण एवढ्या उघड्या माळावर ती एकटी आहे.

तरीही ही सवय झाली आहे हे खरं. पुरुष लढतो, स्त्री रडते, एवढीच वाटणी शतकभर चालली. युद्धात काम केलेल्या परिचारिका, डॉक्टर, चालक स्त्रिया दगडात यायला फार उशीर झाला. वॉशिंग्टनमध्ये व्हिएतनाम युद्धातल्या स्त्रियांचं ग्लेना गुडएकरनं केलेलं शिल्प 1993 मध्ये आलं. त्यात जखमी सैनिकाला मांडीवर घेतलेली परिचारिका आहे, आणि तिच्या जवळची दुसरी स्त्री आभाळाकडे बघते आहे. हेलिकॉप्टरनं मदत यायची ती तिकडूनच.

आकार जेवढा भव्य तेवढा परिणाम मोठा?

परिणाम वेगळा. व्होल्गोग्राडच्या मामायेव टेकडीवरची ‘मातृभूमीची हाक’ ही मूर्ती तलवारीच्या टोकापर्यंत 85 मीटर उंच आहे. येव्गेनी वुचेतिचनं ती 1967 मध्ये पूर्ण केली. तिच्यापुढे माणसाला आपण मुंगीएवढे वाटतो, आणि तेच अपेक्षित आहे. ती हुकूम देते. (वाऱ्यानं तिच्या तलवारीचा पत्रा खडखडायचा, म्हणून 1972 मध्ये पातं बदलावं लागलं.) पण त्याच टेकडीवर खालच्या बाजूला मेलेल्या मुलाला मांडीवर घेतलेली आई आहे, आणि लोक शांत होतात ते तिथे. वुचेतिचला दोन्ही गोष्टी कळत होत्या. एकाच मूर्तीत त्या मावत नाहीत, हेही कळत होतं.

बर्लिनच्या नोये वाखे या स्मारकदालनात 1993 पासून कोलवित्झची ‘मृत मुलासह आई’ आहे. मूळ शिल्प जेमतेम हातभर होतं, तिथे ते सुमारे चौपट मोठं करून बसवलं. यावर टीका झाली, आणि ती मला पटते. हातात मावणारं खासगी दुःख फुगवलं की त्याची कुजबुज जाते. मात्र त्या दालनाच्या छताला मधोमध उघडं वर्तुळ आहे आणि पाऊस, बर्फ थेट त्या आईवर पडतं. वाढवलेल्या आकारानं जे गेलं, ते त्या उघड्या छतानं बरंचसं परत आणलं.

दगड आणि ब्राँझ यांत भावनेच्या दृष्टीनं फरक पडतो का?

पडतो, आणि कारण अगदी व्यवहारी आहे. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. हवेत लांबवलेला हात दगडात केला तर तो स्वतःच्या वजनानं मोडतो. म्हणून दगडातली माणसं मिटलेली असतात : हात अंगाशी, पायांशी टेकू. शोक, वाट बघणं, मौन हे दगडाचे विषय. ब्राँझ आतून पोकळ असतं. मेणाचं प्रतिरूप, त्याभोवती साचा, मेण वितळवून काढायचं आणि त्या जागी तांबं-कथिलाचा रस ओतायचा. आत सांगाडा देता येतो, त्यामुळे धाव, झेप, फेकलेला हात असं सगळं जमतं. शिवाय मातीवर उठलेला शिल्पकाराच्या बोटांचा ठसा ब्राँझमध्ये जसाच्या तसा उतरतो. खडबडीत ठेवलेला पृष्ठभाग ऊन-सावलीत सतत हलल्यासारखा वाटतो.

वॉशिंग्टनच्या कोरियन युद्ध स्मारकात (1995) फ्रँक गेलॉर्डचे 19 सैनिक स्टेनलेस स्टीलचे आहेत, करडे, चमक नसलेले, पावसाळी पोंचो (सैल झगे) घेऊन झुडपांतून चाललेले. कुणीच लढत नाही. थंडी, ओलावा, पाठीवरचं ओझं, आणि मागे वळून बघणारा एखादा. पोंचोखाली पाठपिशव्या आणि बरंचसं सामान झाकलं गेल्यामुळे उरतात ते थकलेले आकार.

नुसती नावांची भिंत, तिला शिल्प म्हणायचं का?

मी म्हणेन. माया लिन 21 वर्षांची विद्यार्थिनी असताना तिची योजना वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकासाठी निवडली गेली. 1982 मध्ये भिंत उभी राहिली : जमिनीत उतरत जाणारा काळा ग्रॅनाइट, त्यावर आज 58,000 हून अधिक नावं, वर्णानुक्रमानं नव्हे तर मृत्यूच्या क्रमानं. एकाच चकमकीत गेलेले शेजारी-शेजारी राहतात. दगड इतका घोटलेला आहे की नाव वाचताना त्यात आपला चेहरा दिसतो. चालत गेलं की भिंत घोट्यापासून वाढत डोक्याच्या वर जाते. शरीराला हे आधी कळतं, मनाला मागून.

तेव्हा अनेक माजी सैनिकांना हा अपमान वाटला : पुतळा नाही, झेंडा नाही, रंग काळा. तडजोड म्हणून 1984 मध्ये फ्रेडरिक हार्टचे तीन ब्राँझ सैनिक जवळच उभे केले. तडजोडी सहसा शिल्पाचं वाटोळं करतात. इथे मात्र ते तिघे लांबून त्या भिंतीकडे बघताहेत, सोबत्यांची नावं शोधताहेत असं वाटतं, आणि दोन्ही कामं एकमेकांना धरून राहतात.

प्रसिद्ध फोटोवरून केलेलं शिल्प कमी दर्जाचं मानावं का?

दर्जा कमी नसतो, पण ते वेगळंच काही सांगू लागतं. जपानच्या इवो जिमा बेटावर अमेरिकेचा झेंडा रोवणाऱ्या सहा जणांचा फोटो 23 फेब्रुवारी 1945 चा. त्यावरून फेलिक्स डी वेल्डननं केलेलं आर्लिंग्टनचं शिल्प 1954 मध्ये उभं राहिलं. तिरका खांब, एकामागून एक पुढे झेपावणारी शरीरं, सगळी ताकद एका दिशेला. विजयाचं इतकं चपखल चित्र क्वचित सापडतं. फोटोतले तिघे त्याच बेटावर पुढच्या काही आठवड्यांत मारले गेले, हे मात्र शिल्पाला सांगता येत नाही. फोटोतली नेमकी माणसं कोण, यातही 2016 आणि 2019 मध्ये दुरुस्ती झाली. शिल्पाचं त्यामुळे काही बिघडलं नाही, कारण ते मुळात त्या सहा जणांविषयी नव्हतंच.

आपल्याकडच्या वीरगळांना युद्धस्मारक म्हणता येईल?

निश्चित. त्यांची भाषाही ठरलेली आहे. खालच्या चौकटीत लढाई किंवा गुरं सोडवण्याची झटापट आणि पडलेला वीर, त्यावर अप्सरा त्याला वर नेताहेत, सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. मुंबईत बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर तर वल्ह्यांच्या नौकांची समुद्री लढाई आहे. इथे शोक करणारं कुणी नाही. मृत्यू ही मधली पायरी आहे, शेवट नव्हे. आधुनिक स्मारकाला अशी वरची चौकट मिळत नाही. त्याला खालच्याच चौकटीत सगळं सांगावं लागतं, म्हणून ते इतकं अवघड होऊन बसतं.

पुतळ्यातल्या घोड्याचा एक पाय वर असेल तर स्वार जखमी, दोन वर असतील तर रणात मेला. हे खरं का?

नाही. असा कुठलाही सर्वमान्य नियम नाही. घोड्याचे किती पाय टेकलेले, हे बहुतेक वेळा तोल, वजन आणि शिल्पकाराची आवड यांवर ठरतं.

खऱ्या माणसांसारखे चेहरे असावेत, की सर्वसाधारण ‘सैनिक’ पुरे?

पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये सुमारे 36,000 गावांनी स्मारकं उभारली. अनेकांनी सैनिकाचा पुतळा चक्क कॅटलॉगमधून मागवला. तोच पुतळा शेजारच्या गावातही असे. त्यांना हसू नये. गावाचा शोक पुतळ्याखालच्या नावांमध्ये होता, पुतळा फक्त जागा दाखवायचा.

पण चेहऱ्यांना किंमत असते तेव्हा ती फार मोठी असते. बोस्टनमधलं 1897 चं शॉ स्मारक घ्या. अमेरिकी यादवी युद्धातल्या 54 व्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटचे सैनिक कृष्णवर्णीय होते, कर्नल शॉ गोरा. मूळ बेत फक्त घोड्यावरच्या शॉचा होता. तो मान मोठ्या सेनापतींचा, असं त्याच्याच कुटुंबाला वाटलं, आणि मग सैनिक आले. शिल्पकार सेंट-गॉडन्सनं कृष्णवर्णीय पुरुषांना समोर बसवून एकेक डोकं घडवलं : म्हातारा, मिसरूड न फुटलेला, दाढीवाला. त्या काळात असे चेहरे शिल्पात विदूषकासारखे यायचे. इथे ते माणसांसारखे आले. नावं मात्र कोरली होती गोऱ्या अधिकाऱ्यांची. पडलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांची नावं दगडावर यायला 1980 चं दशक उजाडलं.

युद्धाला विरोध करणारं युद्धस्मारक असतं का?

असतं, आणि त्याला किंमत मोजावी लागते. फ्रान्समधल्या जांत्यू गावात 1922 च्या स्मारकावर सैनिकच नाही. एक अनाथ मुलगा टोपी हातात घेऊन उभा आहे आणि त्याची मूठ दगडावर कोरलेल्या ओळीकडे वळलेली आहे. ती ओळ अशी, ‘युद्धाचा धिक्कार असो.’ जर्मनीत गुस्ट्रोच्या कॅथेड्रलमध्ये शिल्पकार एर्न्स्ट बार्लाखनं 1927 मध्ये हवेत आडवी तरंगणारी आकृती टांगली : डोळे मिटलेले, हात छातीवर. तिचा चेहरा कोलवित्झशी मिळताजुळता आहे. नाझींना हे मौन सहन झालं नाही. 1937 मध्ये ती उतरवली आणि पुढे वितळवली. साच्यावरून पुन्हा ओतलेली प्रत 1953 मध्ये तिथे परत आली.

ब्राँझ हिरवं पडलं तर घासून चकचकीत करावं का?

करू नये. तो थर धातूवरच तयार होतो आणि सावल्यांना खोली देतो. शिल्पकारानं मूळचा रंग मुद्दाम रसायनांनी आणलेला असतो, घासण्यानं तो जातो. जाणकार माणसं सौम्य धुलाई करून वर मेणाचा थर देतात.

स्मारकाजवळ गेल्यावर आधी काय बघावं?

पाटी वाचू नका, ती नंतर. आधी लांबून एक फेरी मारा आणि आकृती मागूनही बघा. पाठीवर शिल्पकारानं किती कष्ट घेतलेत त्यावरून तो समितीसाठी काम करत होता की कामासाठी, हे बरंचसं कळतं. मग हात बघा. मग ती आकृती कुठे बघते आहे त्या रेषेत उभे राहा. शक्य असेल तर संध्याकाळच्या तिरप्या उजेडात जा, दुपारच्या उन्हात उठावशिल्प सपाट दिसतं.